पाहणे आणि राहणे

जबलपूर शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर नर्मदेच्या काठी भेडाघाट आहे. सुटीच्या दिवसांत सकाळपासून तेथे गाड्यांची रांग लागते. गाडीतून उतरलेली मंडळी धुआंधार धबधब्याच्या कठड्यापाशी जातात, धबधब्याकडे पाठ आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी राहतात, वाटेतल्या दुकानात संगमरवरी मूर्तीच्या किमतीवरून घासाघीस करतात आणि तासाभरात पुढच्या ठिकाणाकडे निघतात. संध्याकाळी मुक्कामावर दिवसभराची यादी तपासली जाते. पाच ठिकाणे झाली, दोन राहिली.

एखादे स्थळ ‘झाले’ असे म्हणण्याची रीत मराठीत जुनीच आहे. काशी झाली, रामेश्वर झाले, असे पूर्वीचे यात्रेकरूही म्हणत. परंतु त्या ‘झाले’ या एका शब्दामागे महिनोन्‌महिन्यांची पायपीट असे, अनोळखी गावांतील मुक्काम असत, परक्या विहिरीचे पाणी आणि परक्या घरची भाकरी असे. आजच्या प्रवाशाचे पाय वाचले आहेत, वेळही वाचला आहे. हे चांगलेच झाले. प्रश्न एवढाच आहे, की वाचलेल्या वेळाचे त्याने काय केले? चार ठिकाणांऐवजी दहा ठिकाणे पाहण्यात तो खर्ची पडत असेल, तर प्रवास वाढला आणि अनुभव मात्र आटला, असेच म्हणावे लागेल. सुटीचे चार दिवस दहा स्थळांत वाटून टाकण्यापेक्षा एखाद्या खेड्यात तळ ठोकावा, तेथून पायी फिरता येईल तेवढे फिरावे आणि त्या भूमीवर राहणाऱ्या माणसांचे ऐकावे. पाहण्याला राहण्याची जोड मिळाली, तरच पर्यटनाला अर्थ येतो.

हा विचार तपासून पाहण्यासाठी जबलपूरचा परिसर अतिशय योग्य आहे. मराठी माणसाला तो फारसा परका नाही. १७८१ पासून १८१७ पर्यंत या प्रदेशावर मराठ्यांची सत्ता होती. नागपूरहून सिवनीमार्गे जबलपूर सुमारे २७० किलोमीटर पडते, आणि गोंदियाहून बालाघाट, नैनपूर अशी जाणारी रेल्वे थेट जबलपूरला पोहोचते. एके काळी याच वाटेवर चिमुकल्या डब्यांची अरुंदमापी गाडी सातपुड्याच्या रानातून संथपणे धावत असे. आता तेथे रुंद रूळ आले आहेत. शहराच्या चहूबाजूंनी टेकड्या, रान आणि नर्मदेचा काठ आहे. भेडाघाटजवळच्या, बरगीच्या किंवा मंडल्याकडील एखाद्या गावात मुक्काम केला, तर पहाटे उठून चालावे, दुपारी झाडाखाली विसावावे आणि संध्याकाळी नदीकाठी बसावे, असा दिवस सहज घालवता येतो.

अशा मुक्कामाचा पहिला लाभ म्हणजे एकच स्थळ वेगवेगळ्या वेळी दिसते. धुआंधारचे पाणी सुमारे ३० मीटर खाली कोसळते आणि तुषारांचा धूर वर उठतो. त्यावरूनच त्याला ‘धुआंधार’ हे नाव पडले. सकाळच्या कोवळ्या उन्हात या धुरावर इंद्रधनुष्य उमटते. पावसाळ्यात मोठा पूर आला, की खालची घळ पाण्याने भरून जाते आणि धबधबाच दिसेनासा होतो. पुढे सुमारे तीन किलोमीटर नदी संगमरवरी कड्यांमधून संथ वाहते. हे कडे दुपारी पांढरेशुभ्र दिसतात, मावळतीला पिवळसर होतात आणि पौर्णिमेच्या चांदण्यात त्यांच्यावर निळसर छटा चढते. तासाभरासाठी आलेल्या प्रवाशाला यांतील एकच रूप दिसते आणि तेच भेडाघाट असा समज घेऊन तो परततो.

याच कड्यांमधून नाव पुढे जाते, तेव्हा वल्हे मारणारा नावाडी बोलू लागतो. कोणता खडक हत्तीच्या पायासारखा दिसतो, कोठे दोन कडे इतके जवळ आले आहेत, की त्या जागेला ‘बंदरकूदनी’ म्हणजे वानरांच्या उडीची जागा म्हणतात, कोणत्या चित्रपटाचे चित्रण कोठे झाले, हे सारे तो यमके जुळवीत, प्रवाशांना हसवीत सांगतो. राज कपूर यांच्या ‘जिस देश में गंगा बहती है’ या १९६० च्या चित्रपटाचा उल्लेख त्यात हमखास येतो. बहुतेक प्रवासी हे बोलणे करमणूक म्हणून ऐकतात. परंतु जो दुसऱ्या दिवशीही घाटावर येतो आणि नावाड्याच्या शेजारी बसून बोलतो, त्याला वेगळेच काही कळते. पाण्याचा रंग कशाने बदलतो, धरणातून पाणी सोडले म्हणजे प्रवाह कसा ओढतो, कोणत्या महिन्यात नाव बंद ठेवावी लागते, बुडणाऱ्याला कोठून गाठता येते, हे ज्ञान त्याने कोणत्याही पुस्तकातून घेतलेले नसते. धबधब्याजवळचा ओला खडक किती निसरडा आहे, याची पाटी लावलेली असते. ती न वाचता पुढे जाणाऱ्याला हाक मारून मागे खेचणारा मात्र हाच माणूस असतो. ज्याला शाळेत जाता आले नाही, त्याला काहीच येत नाही, हा समज किती उथळ आहे, हे अशा वेळी ध्यानात येते. अक्षरे शिकलीच पाहिजेत. पण अक्षरांवाचून मिळवलेल्या ज्ञानाला कमी लेखण्याचा अधिकार त्यामुळे कोणालाही मिळत नाही.

पायी फिरणाऱ्याला दुसरा लाभ होतो तो काळाच्या खोलीचा. भेडाघाटच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे. दहाव्या शतकात कलचुरी राजांच्या काळात बांधलेल्या या वर्तुळाकार मंदिरात ८१ कोनाडे आहेत आणि मध्यभागी गौरीशंकराचे देऊळ आहे. अनेक मूर्तींचे हात, चेहरे भंगलेले आहेत. तरीही त्यांच्या उभ्या-बसण्यातला डौल नाहीसा झालेला नाही. भेडाघाटहून जबलपूरकडे जाताना तेवर नावाचे गाव लागते. हीच कलचुरींची राजधानी त्रिपुरी. १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली भरलेले काँग्रेसचे अधिवेशन याच नावाने इतिहासात ओळखले जाते. मोटारीच्या खिडकीतून तेवर हे रस्त्याकडेचे साधे गाव दिसते. तेथे पायी हिंडणाऱ्याला मात्र हजार वर्षांच्या अंतरावरच्या दोन सभा एकाच मातीत भेटतात: एक राजाची आणि एक स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या लोकांची.

याहूनही जुना काळ थोड्याच अंतरावर आहे. नदीकाठच्या लमेटाघाटावरून भूशास्त्रज्ञांनी येथील खडकांच्या एका थराला ‘लमेटा’ हे नाव दिले. १८२८ मध्ये विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला जबलपूरजवळ काही अजस्र हाडांचे अवशेष मिळाले. पुढे अभ्यासकांनी ती हाडे डायनोसॉरची असल्याचे ओळखले. भारतात सापडलेले डायनोसॉरचे हे पहिले अवशेष होत. दिंडोरी जिल्ह्यातील घुघुआ येथे तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे उघड्यावर पाहता येतात. दगड झालेल्या ताडाच्या खोडावर हात ठेवला, म्हणजे माणसाचा अहंकार क्षणभर तरी उतरतो. हा अनुभव घाईत मिळत नाही; त्यासाठी थांबावे लागते.

तथापि, थांबण्याचे लाभ केवळ सुखाचे नसतात. जो थांबतो, त्याला डोळ्यांआड गेलेल्या गोष्टीही कळतात. जबलपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर बरगीचे धरण आहे. राणी अवंतीबाईंचे नाव दिलेला त्याचा विस्तीर्ण जलाशय फार देखणा आहे. सूर्यास्ताच्या वेळी पाण्यातून डोकावणाऱ्या टेकड्या बेटांसारख्या दिसतात. काठावर बसलेल्या प्रवाशाला हे निसर्गाचे देणे वाटते. वास्तविक हा जलाशय १९९० च्या सुमारास भरला. नर्मदेवरील मोठ्या धरणांपैकी हे सर्वांत आधी पूर्ण झालेले धरण. त्याच्या पाण्यामुळे जबलपूर, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांतील १६२ गावांना झळ पोहोचली. कोणाचे घर गेले, कोणाचे शेत गेले, कोणाचे दोन्ही गेले. नर्मदेच्या खोऱ्यातील सुपीक जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरलेली माणसे मजुरीसाठी जबलपूरच्या वाटेला लागली. विस्थापितांनी एकत्र येऊन लढा दिला आणि १९९० च्या दशकात काही वर्षे या जलाशयातील मासेमारी त्यांच्या सहकारी संस्थांच्या हाती आली. पुढे तो हक्क टिकला नाही.

जबलपूरचे चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड यांच्या आयुष्यात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. १९२८ मध्ये जन्मलेल्या वेगडांनी शांतिनिकेतनात कलेचे शिक्षण घेतले आणि जबलपुरात कला शिकवली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९७७ मध्ये, ते जबलपूरहून मंडल्याकडे नर्मदेच्या काठाने चालत निघाले. पुढे वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने ते नर्मदेकाठी चालत राहिले. वाटेत भेटलेली माणसे, घाट, बाजार, झोपड्या त्यांनी रेखाटल्या आणि लिहूनही ठेवल्या. त्यांच्या नर्मदाविषयक गुजराती पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जबलपूर आणि मंडला यांमधील ज्या काठावरून त्यांचा पहिला प्रवास झाला, त्यातील बराचसा भाग आज बरगीच्या पाण्याखाली आहे. ती पायवाट आता कोणालाही चालता येणार नाही; ती त्यांच्या चित्रांत आणि शब्दांत तेवढी उरली आहे. ते त्या काठावरून धावत गेले असते, तर एवढेही उरले नसते.

धरण बांधूच नये, असे यावरून सुचवायचे नाही. त्याच पाण्याने शेते भिजतात, वीज तयार होते, शहराची तहान भागते. परंतु ज्या दृश्याने प्रवाशाचे मन प्रसन्न होते, त्या दृश्याची किंमत कोणीतरी मोजलेली आहे, हे त्याला ठाऊक असावे. यजमानाच्या घरातले दुःख माहीत नसताना पाहुणा मोठ्याने हसला, तर त्याला दोष देता येत नाही; पण माहीत करून घ्यायचेच नाही, असे त्याने ठरवले असेल, तर तो पाहुणा नव्हे.

कान्हाच्या अरण्यातही हाच धडा मिळतो आणि तो अधिक गुंतागुंतीचा आहे. जबलपूरहून सुमारे १६० किलोमीटरवर असलेले हे अरण्य १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाले. बहुतेक प्रवासी वाघ दिसला की नाही, यावर सहल यशस्वी झाली की फसली, हे ठरवतात. कान्हाची खरी थोरवी मात्र बारशिंग्याच्या कथेत आहे. कठीण जमिनीवर राहणाऱ्या या जातीचे १९७० मध्ये तेथे केवळ ६६ प्राणी उरले होते. पाडसांना दडण्यासाठी उंच गवत लागते. त्यासाठी कुरणे राखली गेली, शिकारी प्राण्यांपासून संरक्षण मिळावे म्हणून कुंपणाची जागा केली गेली, आणि आज त्यांची संख्या हजाराच्या वर गेली आहे. एक जात नामशेष होता होता वाचली, ही साधी गोष्ट नव्हे.

परंतु ज्या कुरणांवर आज बारशिंगे चरतात, त्यांतील काही कुरणे म्हणजे पूर्वीची गावठाणे आणि शेते आहेत. तेथील बैगा आणि गोंड कुटुंबांना बाहेर वसवण्यात आले. बैगांच्या परंपरेत धरती ही आई आहे. तिच्या छातीवर नांगर चालवू नये, अशी त्यांची श्रद्धा. त्यामुळे ते जंगलाचा तुकडा साफ करून राखेत बी टाकीत. अशा माणसांना रानाबाहेर आणून नांगर हाती देणे म्हणजे केवळ घर बदलणे नव्हते. बारशिंगा वाचला हे जितके खरे, तितकेच बैगाचे रान सुटले हेही खरे. या दोन सत्यांपैकी एकच निवडण्याची सोय नाही. जीपमधून तीन तासांची फेरी मारून परतणाऱ्याला दुसरे सत्य कधीच दिसत नाही. खटिया किंवा मुक्की प्रवेशद्वाराजवळच्या गावात तीन दिवस राहणाऱ्याला ते न विचारताही दिसू लागते. त्याच गावचे तरुण वाटाडे म्हणून जीपमध्ये बसतात, पक्ष्यांचा आवाज ओळखतात, वाळलेल्या पानांवरचा माग दाखवतात. त्यांच्या आजोबांचे गाव कोठे होते, हे त्यांना विचारायला हवे.

यावर काही आक्षेप घेतले जातील, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप वेळेचा. वर्षभर राबणाऱ्या माणसाला चार दिवसांची सुटी मिळते. त्या चार दिवसांत त्याने धरणग्रस्तांचा आणि बैगांचा विचार का करावा? त्याला विश्रांती हवी असते, हे अगदी खरे आहे. पण दिवसाला तीनशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीत विश्रांती मिळते काय? एका ठिकाणी राहून, झाडाखाली डोळे मिटून, नदीच्या आवाजाने झोपी जाणारा माणूसच खरा विसावतो. आणि माणसांशी बोलणे हे ओझे नसते. गावाकडे वाढलेल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. पर्यटक धावत आला काय किंवा रेंगाळला काय, त्याच्या पैशाने गावाला रोजगार मिळतो, असे म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. प्रवासी शहरातल्या हॉटेलात उतरला, शहरातली गाडी घेऊन आला आणि बाटलीबंद पाणीही बरोबर घेऊन आला, तर गावाच्या वाट्याला त्याची रिकामी बाटलीच येते. तोच प्रवासी गावातल्या घरी राहिला, तेथली कोदो-कुटकी, डाळ आणि भाजी जेवला, तेथल्याच वाटाड्याबरोबर फिरला, तर पैसा चार घरांत पोहोचतो. मध्य प्रदेशात अलीकडच्या काळात गावांमध्ये ‘होमस्टे’ उभे करण्याचा प्रयत्न यासाठीच होत आहे. केरळातील कुमरकोम येथे २००८ पासून ग्रामपंचायत आणि महिलांचे गट यांच्या मदतीने हॉटेलांना लागणारा भाजीपाला गावातूनच पुरवण्याची व्यवस्था बसवण्यात आली. महाराष्ट्रानेही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले. ज्यांच्यापाशी थोडी जमीन, स्वच्छ अंगण आणि आतिथ्याची हौस आहे, त्यांच्यासाठी ही वाट खुली होत आहे. त्यासाठी हिशेब ठेवता यावा, नोंदवहीत नाव लिहिता यावे, पाहुण्याशी त्याच्या भाषेत दोन शब्द बोलता यावेत, एवढे शिक्षण मात्र हवे. ते नसेल, तर अंगण गावकऱ्याचे आणि नफा बाहेरच्या व्यापाऱ्याचा, अशी स्थिती होईल.

गावाच्या हातात काय असते, याचे एक उदाहरण दिंडोरी जिल्ह्यातच आहे. पाटनगढ या गोंडांच्या गावी भिंतींवर मातीच्या रंगांनी चित्रे काढण्याची रीत होती. त्या गावचा जनगढसिंह श्याम हा तरुण १९८० च्या दशकाच्या आरंभी भोपाळच्या भारत भवनात पोहोचला. भिंतीवरची चित्रे कागदावर आणि कापडावर आली आणि गोंड चित्रकला जगभर गेली. त्याच गावचे भज्जू श्याम यांनी भोपाळमध्ये रात्रीचे पहारेकरी म्हणून काम केले, मग कुंचला हाती घेतला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बाहेरच्या जगाने या गावाकडे थांबून पाहिले, म्हणून भिंतीवरचे रूप जगाला कळले. अशी किती गावे केवळ रस्त्याच्या कडेला आहेत म्हणून न पाहता मागे टाकली जात असतील!

अर्थात, राहणाऱ्यालाही मर्यादा पाळाव्या लागतात. पाहुणा फार दिवस राहिला, मोठ्या आवाजात गाणी लावू लागला, विहिरीचे पाणी उधळू लागला, परवानगीवाचून बायकामुलांची छायाचित्रे घेऊ लागला, तर तो धावत्या प्रवाशापेक्षाही जड होतो. नर्मदेच्या परिक्रमेत याचे उत्तर पूर्वीच देऊन ठेवले आहे. अमरकंटकपासून समुद्रापर्यंत नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर. परिक्रमावासी नदी उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठ पायी चालतो. मोजके सामान बाळगतो. ‘नर्मदे हर’ म्हणत दारात उभा राहतो आणि मिळेल ते अन्न गोड मानून घेतो. काठावरची गरिबातली गरीब घरेही त्याला उपाशी पाठवत नाहीत. मराठी वाचकांना गो. नी. दांडेकर यांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या कादंबरीमुळे ही वाट परिचित आहे. प्रत्येकाला परिक्रमा करता येणार नाही, तशी आवश्यकताही नाही. पण कमी सामान, कमी मागणे आणि कृतज्ञता ही तिची शिस्त चार दिवसांच्या सुटीतही पाळता येते. दूरच्या स्वीडन देशातही अशीच समजूत रुजलेली आहे. तेथे दुसऱ्याच्या मालकीच्या रानातून चालण्याची आणि रात्रभर तंबू टाकून राहण्याची मोकळीक सर्वांना आहे. त्रास देऊ नये आणि नासधूस करू नये, एवढीच तिची अट आहे. नर्मदाकाठच्या साधूला आणि स्वीडनच्या गिर्यारोहकाला एकमेकांची भाषा कळणार नाही, पण हा नियम दोघांनाही कळेल.

जबलपूर शहरात राणीताल, चेरीताल आणि अधारताल अशी तलावांवरून पडलेली नावे आहेत. १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना देह ठेवणाऱ्या राणी दुर्गावतीच्या काळाशी लोक ही नावे जोडतात. एक नाव राणीचे, एक तिच्या दासीचे आणि एक तिच्या दिवाणाचे, असे तेथील लोक सांगतात. राणीच्या नावाशेजारी दासीचे नाव ज्या गावाने चार शतके जपले, त्या गावाला माणसे लक्षात ठेवण्याची कला अवगत आहे, असे म्हटले पाहिजे. प्रवाशाने तेवढीच कला शिकून परतावे. घरी गेल्यावर कोणी विचारले, ‘काय काय पाहिले?’ तर धबधबा, मंदिर आणि वाघ यांच्याबरोबर नाव वल्हवणाऱ्याचे नाव त्याला सांगता यावे. ज्याला ते सांगता आले, त्याचा प्रवास खऱ्या अर्थाने झाला, असे समजावे.